चौकटीतलं उत्तर

प्राणेशचं पत्र येऊन महिना झाला होता आणि सीतारामरावांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. तसे ते पत्रं अनुत्तरित ठेवणारे गृहस्थ नव्हते. विमा कंपनीने वाढदिवसाला छापील शुभेच्छा पाठवल्या तेव्हा त्यांनी कंपनीला सविस्तर आभाराचं पत्र लिहिलं होतं, आणि कंपनीची प्रकृती विचारली होती. पण हे पत्र त्यांनी शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात घालून ठेवलं होतं, आणि तेव्हापासून तिसऱ्या खंडातला कुठलाही शब्द अडला की ते दुसऱ्या खंडातल्या शब्दावर भागवत होते.

पत्र निळ्या अंतर्देशीयावर होतं. भाषा मराठी, अक्षरं तमिळ. तंजावरच्या मराठी घरांत आता असंच चालतं: बोलणं घरचं, लिपी शाळेतली. प्राणेश हा त्यांच्या धाकट्या बहिणीचा, शेषम्माचा मुलगा. वय एकोणचाळीस, पापनाशमला बियाण्यांच्या सरकारी गोदामात नोकरी, बायकोचं नाव अखिला. फोन खिशात असताना त्याने पत्र लिहिलं, कारण मामांना तो ओळखून होता. सीतारामराव फोनवर तीनदा ‘बरं’ म्हणत आणि फोन बायकोच्या हातात देत.

‘मामा,’ त्याने लिहिलं होतं, ‘तीनशे सहा दिवस झाले होते. कुंभकोणमच्या लग्नात प्यालो. मग आणखी दोन दिवस प्यालो. आज चार दिवस बंद आहे. अखिलेस ठाऊक नाही, अम्मास ठाऊक नाही. तुम्ही तपकीर एका दिवसात सोडली म्हणाला होतात. मधे कधी पुन्हा ओढलीत काय? ओढली असल्यास मग काय केलंत? तेवढं लिहा.’

सगळी अडचण त्या शेवटच्या ओळींत होती. प्राणेश तिरुवैयारूच्या व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला त्या दिवशी शेषम्माच्या घरी पंचवीस माणसं जेवायला होती, आणि प्रत्येकाने त्याला एकेक उपदेश वाढला होता. सीतारामरावांची पाळी आली. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांच्या तोंडाला कोरड पडे आणि जे पहिलं सुचेल ते ते बोलून मोकळे होत. ते म्हणाले, मन घट्ट केलं की सुटतं. मी चाळीस वर्षांची तपकीर एका दिवसात सोडली. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या वेळी त्यांच्या वेष्टीच्या, म्हणजे लुंगीसारख्या धोतराच्या, कनवटीला तपकिरीची पत्र्याची डबी होती, आणि ती त्यांना पोटात टोचत होती.

एका दिवसात सोडली हे मात्र खोटं नव्हतं. त्यांनी ती नेहमी एकाच दिवसात सोडली होती. असे दिवस आजवर एकतीस झाले होते.

उत्तराचे अकरा मसुदे झाले. पहिल्यात तपकीर हिंदुस्थानात कशी आली याचा इतिहास चार पानं चालला आणि प्राणेश आलाच नाही. चौथ्यात संस्कृत वचनं इतकी झाली की ते वाचून त्यांनाच प्यावंसं वाटलं असतं. नवव्यात त्यांनी खरं लिहिलं, ते परत वाचलं, आणि बारीक बारीक तुकडे करून केराच्या टोपलीत न टाकता खिशात ठेवले, कारण टोपली बायको पाहते. आपण कोण सांगणारे, असं त्यांना वाटे. मग वाटे, उद्या लिहू, उद्या अक्षर चांगलं येईल.

इकडे मराठी बांधव सभेला वेगळीच अडचण पडली होती. सभेचं वार्षिक संमेलन जवळ आलं होतं आणि सत्कार करायला माणूस उरला नव्हता. गणितात शंभर गुण मिळवलेल्यांचे झाले, साठी, सत्तरी, ऐंशी झालेल्यांचे झाले, अमेरिकेला गेलेल्यांचे आणि तिथून परत आलेल्यांचेही झाले. खुद्द सीतारामरावांच्या कपाटात पोन्नाडै, म्हणजे जरीच्या काठाच्या सत्काराच्या शाली, अकरा होत्या. त्यातल्या सात निव्वळ म्हातारं होत गेल्याबद्दल. सभेचे कार्यदर्शी अनिरुद्धराव ट्रॅक्टरच्या एजन्सीतून निवृत्त झाले होते, तरी त्यांचा उत्साह अजून नांगरणीच्या हंगामातला होता. त्यांनी शोधून काढलं की संमेलनाच्या दिवशीच प्राणेशच्या दारू सोडण्याला बरोबर एक वर्ष पुरं होतंय. आपल्या समाजात असा सत्कार आजवर कुणी केला नव्हता. शेषम्मा हे ऐकून रडली. अखिलेने नवी साडी काढली. निमंत्रणपत्रिका छापल्या गेल्या. फ्लेक्सवर हात जोडलेला प्राणेश आणि त्याच्यामागे डरकाळी फोडणारा वाघ होता. वाघ कशासाठी, हे कुणाला ठाऊक नव्हतं. फ्लेक्सवाल्याकडे तो तयार होता.

आणि मानपत्र नेहमीप्रमाणे सीतारामरावांनी लिहायचं होतं. हस्तलिखितांच्या ग्रंथालयात छत्तीस वर्षं सूची करण्यात गेल्यामुळे देवनागरी सुंदर लिहिणारा सभेत तो एकच माणूस होता. वाचणाराही तोच. सभेचं म्हणणं असं की आपण मराठी आहोत तर मानपत्र मराठी अक्षरांत पाहिजे, आणि ते सोनेरी चौकटीत घालून भिंतीवर लावलं की समजण्याचा प्रश्न येत नाही.

संमेलनाला दोन आठवडे असताना प्राणेश तंजावरला आला. तो आला तेव्हा अनिरुद्धरावही मानपत्रासाठी जाड हस्तिदंती कागदाचा गठ्ठा घेऊन ओसरीवर बसलेले होते. सीतारामरावांच्या पत्नी चंद्रमती कॉफी देऊन दाराशी उभ्या होत्या. प्राणेशने मामांकडे एकदा पाहिलं. मामांनी कॉफीकडे पाहिलं. मग तो अनिरुद्धरावांना म्हणाला की मला सत्कार नको, मधे माझं पुन्हा पिणं झालं, वर्ष पुरं होत नाही.

“किती दिवस प्यालास?” अनिरुद्धरावांनी विचारलं.

“तीन.”

“आता पितोस काय?”

“नाही. बेचाळीस दिवस झाले.”

“मग झालं की. तीनशे पासष्टांत तीन वजा. दर चार वर्षांनी सरकार एक दिवस वाढवतं, त्याबद्दल कोणी पंचांगास जाब विचारतं काय?”

प्राणेश म्हणाला, तसं मोजत नाहीत, केंद्रात पहिल्यापासून मोजायला सांगतात. अनिरुद्धरावांनी त्याला समजावलं की केंद्राचं मोजणं केंद्रात ठीक आहे, पत्रिका आपण छापल्या आहेत. तरीही, प्रकरण गंभीर असल्यामुळे ते कार्यकारिणीपुढे ठेवतो, असं म्हणाले.

“मामा, तुम्ही सांगा,” प्राणेश म्हणाला.

सीतारामरावांचं तोंड कोरडं पडलं. ते म्हणाले, “बरं.”

कशाला बरं, हे त्यांनाही कळलं नाही. प्राणेशने कॉफी अर्धी ठेवली आणि बस गाठायला गेला.

कार्यकारिणी त्याच संध्याकाळी भरली. सीतारामराव कोपऱ्यात बसून होते. एकाचं मत पडलं की लग्नातलं पिणं हे पिणं धरू नये, तो वऱ्हाडाला दिलेला मान असतो. दुसऱ्याने विचारलं, बिअर होती की काय होतं, कारण बिअर असल्यास ठरावाची भाषा सौम्य करता येईल. तिसऱ्याने सुचवलं की ‘एक वर्ष’ऐवजी ‘सुमारे एक वर्ष’ म्हणावं. त्यावर फ्लेक्समध्ये ‘सुमारे’ला जागा नाही, तिथे वाघाचा पंजा आहे, असं उत्तर मिळालं. शेवटी एकमताने ठरलं की ही बाब अत्यंत खाजगी असून ती अकरा सभासदांपलीकडे जाऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती सगळ्या पेठेत गेली, आणि सगळ्या पेठेने ती कुणालाही ठाऊक नसल्याचं मनापासून मान्य केलं. शेषम्माला एका शेजारणीने, तुम्हांस काही ठाऊक नसेल तर मी सांगणार नाही, अशा शब्दांत सांगितलं. अखिलेला शेषम्माने सांगितलं. दोघींनी ठरवलं की समारंभ होईपर्यंत प्राणेशला आपल्याला कळलेलं कळू द्यायचं नाही. त्यामुळे पापनाशमच्या त्या घरात तीन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत जेवायला बसू लागली.

हे सगळं चंद्रमतींनी सीतारामरावांना दुपारी पान लावता लावता सांगितलं. आणि म्हणाल्या, “त्याने तुम्हांस पत्र लिहिलं होतं ना?”

“तुला कोणी सांगितलं?”

“तिसऱ्या खंडात आहे. त्याच्यामागे डबीही आहे. मी झाडते तेव्हा दोन्ही उचलून परत ठेवते.”

चंद्रमतींनी पानाची शीर काढली. “तुम्ही बत्तीस वेळा सोडली असेल.”

“एकतीस.”

“मग तेच लिहा की त्यास. जेवताना सांगितलंत ते ऐकून तो केंद्रातून आल्यापासून वाळत चालला आहे. मामाचं एका दिवसात सुटतं आणि मला रोज नव्याने सोडावी लागते, म्हणजे माझ्यातच काही खोट आहे, असं म्हणाला शेषम्मास. तुमची लाज तुम्ही डबीत ठेवलीत, त्याने कोठे ठेवायची?”

त्या दुपारी सीतारामराव लिहायला बसले. अंतर्देशीय संपलं होतं म्हणून त्यांनी अनिरुद्धरावांच्याच हस्तिदंती कागदावर उत्तर लिहिलं. सवयीने देवनागरीत. आश्चर्य असं की ते एका बैठकीत झालं, एका पानात मावलं, आणि त्यात एकही शब्द खोडावा लागला नाही. त्यानंतर त्यांनी मानपत्र घेतलं. ‘लोहासारख्या निश्चयाचा’ इथे लेखणी अडली. ‘लोह’ खोडून ‘पोलाद’ केलं, ‘पोलाद’ खोडून पुन्हा ‘लोह’ केलं, ‘निश्चय’ पुढे समासात प्रश्नचिन्ह घातलं. पान असं दिसू लागलं जसं त्याच्यावरून कोंबडी गेली असावी. उद्या पक्की प्रत करू म्हणून दोन्ही कागद मेजावर ठेवून ते अंघोळीला गेले.

तेवढ्यात अनिरुद्धराव आले. चौकटवाला दुकान बंद करून गावी जाणार होता, त्यांना घाई होती. मेजावर दोन कागद होते. दोन्ही वाचता येण्यासारखे नव्हते, पण एक स्वच्छ होता आणि एक खराब. मानपत्र कोणतं, हे सांगायला अक्षरओळख लागते असं त्यांना वाटलं नाही.

सीतारामराव बाहेर आले तेव्हा मेजावर कोंबडीवालं पान होतं. त्यांना वाटलं, उत्तर बायकोने टपालाच्या पेटीत टाकलं असावं. त्यांना फार हलकं वाटलं. बायकोला वाटलं, त्यांनीच टाकलं. तिलाही बरं वाटलं. मानपत्राचं ते अनिरुद्धरावांना फोनवर विचारणार होते, पण त्यांनी फोनवर तीनदा ‘बरं’ म्हटलं आणि पलीकडून कळलं की सगळं तयार आहे. त्यांनी समजूत करून घेतली की दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं असेल. आपल्याहून चांगलं लिहिणारं कोणीतरी असणारच, ही शंका त्यांना आयुष्यभर होती.

संमेलनाच्या दिवशी कल्याणमंडपाच्या छोट्या हॉलमध्ये ते पोचले. व्यासपीठावर मेज, मेजावर जरीचं कापड, कापडावर सोनेरी चौकट, चौकटीला चंदनाचा हार. सीतारामराव कौतुकाने जवळ गेले, चष्मा सारखा केला आणि काचेमागे त्यांनी आपलंच अक्षर वाचलं:

‘चि. प्राणेशास आशीर्वाद. तू विचारलंस मधे कधी ओढली काय. काल दुपारीच ओढली.’

त्यांनी अनिरुद्धरावांना बाजूला घेतलं आणि कुजबुजत सांगितलं की चुकीचा कागद लागला आहे.

“मराठीत आहे ना, अण्णा?”

“आहे.”

“खाली तुमची सही आहे?”

“आहे, पण—”

“मग?” अनिरुद्धराव म्हणाले आणि मुख्य पाहुण्यांना घ्यायला दाराकडे गेले.

मुख्य पाहुणे सरकारी दारूदुकानांच्या खात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले तमिळ गृहस्थ होते. संयम या विषयावर ते पाऊण तास बोलले. आपल्या कारकिर्दीत त्यांनी तीन जिल्ह्यांत मिळून किती दुकानं उघडली हा आकडा त्यांनी ओघात सांगितला, आणि हॉलने टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्यांची जागा तिथे आली होती. मग प्राणेशच्या खांद्यावर शाल आली. तो फ्लेक्ससारखे हात जोडून उभा होता. पुढच्या रांगेत अखिला नव्या साडीत बसली होती आणि शालीकडे न बघता त्याच्या पायांकडे बघत होती.

इथे समारंभ संपायचा. पण मुख्य पाहुण्यांना चौकट आवडली. ते म्हणाले, मला भाषा कळणार नाही, पण तिचा गोडवा कळेल. लिहिणाऱ्यांनी स्वतः दोन ओळी वाचून दाखवाव्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सीतारामरावांना कोणीतरी काखेत हात घालून वर नेलं. चौकट त्यांच्या हातात आली. ध्वनिक्षेपक हनुवटीशी आला.

समोर दोनशे माणसं होती. त्यातल्या एकालाही ते वाचता येत नव्हतं आणि प्रत्येकाला ते ऐकता येत होतं. प्राणेश दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने मामांकडे पाहिलं. ओसरीवर पाहिलं होतं तसंच.

सीतारामरावांनी काचेमागच्या ओळींवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, ‘पडल्यावर काय केलंत असं विचारतोस’. त्यांनी वाचलं: “लोहासारख्या निश्चयाचा हा आमचा भाचा.” बोट पुढच्या ओळीवर गेलं. तिथे लिहिलं होतं, ‘त्या दिवशी पंचवीस माणसांत जे बोललो ते खोटं होतं’. त्यांनी वाचलं: “एकदा सोडली ती सोडलीच, मागे वळून पाहिलं नाही.” मानपत्र पाठ होतं, खोडलेल्या शब्दांसकट. मधेच ‘पोलाद’ही येऊन गेलं. त्यांचा आवाज त्या दिवशी कधी नव्हे इतका स्वच्छ लागला. लोक म्हणाले, सीतारामराव असे बोलतील असं वाटलं नव्हतं.

त्यांनी मान वर केली तेव्हा प्राणेश त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो आपल्याच शालीचा जरीचा काठ बोटांनी मोडून बघत होता.

जेवणावर तो थांबला नाही. शेषम्माने चौकट हातात दिली, ती काखेत मारून तो बसस्टँडकडे गेला. अखिला मागोमाग गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अखिलेचा फोन आला. चंद्रमतींनी तो घेतला, आणि ऐकता ऐकता, आयुष्यात पहिल्यांदाच, नवऱ्याच्या हातात दिला.

“मामा,” अखिला म्हणत होती, “ते प्यालेले नाहीत. पण कामावर गेले नाहीत. चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. मी सांगितलं, मला सगळं ठाऊक आहे. तर म्हणाले, तुला ठाऊक असून काय, मामा तसे आणि मी असा. त्यात काय लिहिलं आहे तेवढं एकदा सांगा. ते म्हणतात, वाचलं ते पुरे.”

सीतारामराव ‘बरं’ म्हणणार होते. ते म्हणाले, “मी वाचलं ते त्यात नाही.”

“मग काय आहे?”

“लिहून पाठवतो,” ते म्हणाले. “आज. तुम्हांस वाचता येईल असं.”

पोस्टात अंतर्देशीय मागितल्यावर खिडकीतल्या बाईने आधी त्यांच्याकडे, मग खणात पाहिलं. चार निघाली. तिथल्याच उंच फळीवर ओणवून ते लिहू लागले. तमिळ अक्षरांत मराठी त्यांनी आजवर लिहिलं नव्हतं. सूचीकाराला ती शिवी वाटे. ‘भ’ला ‘प’ आणि ‘ध’ला ‘त’ असं सगळं एकाच भांड्यात जात होतं, आणि कुणी विद्वानाने पाहिलं तर काय म्हणेल हा विचार दोन ओळींनंतर त्यांच्या मनातून गेला.

‘चि. प्राणेशास आशीर्वाद. तुझ्या भिंतीशी चौकटीत जे आहे ते मानपत्र नव्हे. ते तुझ्या पत्राचं उत्तर आहे. मी काल त्यावर बोट ठेवून दुसरंच वाचलं. तुझ्यासमोर मी दोनदा खोटं बोललो, एकदा जेवताना आणि एकदा काल.

‘तपकीर म्हणजे दारू नव्हे, हे मला समजतं. तुझं ओझं मोठं आहे. पण तू विचारलंस ते सांगतो. मी एकतीस वेळा सोडली. प्रत्येक वेळी पुन्हा ओढली की मला वाटे, आता सगळं वाया गेलं, मग दुसरी चिमूट काय आणि दहावी काय. त्या विचारानेच जास्त ओढली गेली. तू तीन दिवसांत थांबलास. मला एकदा अडीच वर्षं लागली होती. तू थांबलास कसा, हे तू मला सांगायला पाहिजेस.

‘तुझे तीनशे सहा दिवस कोणी वजा केलेले नाहीत. सभेनेही नाही, लग्नानेही नाही. आणि आज सत्तावन्नावा आहे, हेही तितकंच खरं.

‘सोमवारी पहिल्या बसने मी पापनाशमला येतो. तिथून आपण दोघे तिरुवैयारूला जाऊ. तुझ्या त्या केंद्रात समुपदेशन करणाऱ्या बाईंना मलाही दोन शब्द विचारायचे आहेत. अखिला आली तर उत्तम. डबी बरोबर आणीन, तीही त्यांना दाखवू. तुझा सीताराममामा.’

त्यांनी ते परत वाचलं नाही. परत वाचलं असतं तर बाकीची तीन अंतर्देशीयही लागली असती. जिभेने कड ओली करून त्यांनी पत्र दुमडून चिकटवलं, बाहेर येऊन लाल पेटीत टाकलं, आणि ते आत पडल्याचा आवाज ऐकला. मग लगेच, आपण ‘सोमवारी’ म्हणून फार घाई तर केली नाही ना, असं वाटून त्यांनी पेटीच्या फटीत दोन बोटं घालून पाहिली. बोटं पेरापर्यंत गेली, पुढे गेली नाहीत.

मग ते पापनाशमची पहिली बस किती वाजता सुटते हे विचारायला स्टँडच्या दिशेने चालू लागले.